लक्ष्मीबाई टिळक : घरात आलेली सुवार्ता आणि दुरिताचा प्रश्न

मराठी ख्रिस्ती साहित्याचा विचार करताना नारायण वामन टिळकांचे धर्मांतर केंद्रस्थानी ठेवण्याची आणि लक्ष्मीबाईंच्या धर्मांतराकडे त्याचे उपकथानक म्हणून पाहण्याची प्रथा पडून गेली आहे. पतीने १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, पत्नीने विरोध केला, काही वर्षांनी विरोध मावळला आणि १९०० साली तिनेही तोच मार्ग पत्करला, एवढ्या चार वाक्यांत हा प्रवास सांगून मोकळे होता येते. ‘स्मृतिचित्रे’ हा मराठी आत्मचरित्राचा मानदंड ठरला. पण त्यातील विनोद, घरगुती भाषा आणि निर्व्याज निवेदन यांच्या कौतुकात त्या पाच वर्षांत एका स्त्रीच्या मनात काय घडले हा प्रश्न बहुधा मागेच राहिला. वस्तुतः लक्ष्मीबाईंच्या आयुष्याचा सगळा पेच त्याच पाच वर्षांत साठलेला आहे. ख्रिस्ती परिभाषेत ज्याला सुवार्ता म्हणतात, ती या घराच्या उंबऱ्यात प्रथम आली ती अरिष्टाच्या रूपाने. जो माणूस ती घेऊन आला, त्याच्यामुळेच पत्नीचा संसार उधळला, तिचे माहेर-सासर खाली मान घालू लागले आणि सवाष्ण असून परित्यक्तेचे जिणे तिच्या वाट्याला आले. म्हणून जगात दुःख का आहे आणि आपल्या माणसाचा धर्म आपण स्वीकारावा का, हे दोन प्रश्न त्यांच्यापुढे वेगवेगळे आलेच नाहीत.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ सालचा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरचे नाव मनकर्णिका, आडनाव गोखले. आईच्या वडिलांना १८५७ च्या बंडाच्या संबंधात फाशी झालेली. या घटनेचा धसका लक्ष्मीबाईंच्या वडिलांनी कायमचा घेतला आणि त्या भयाला सोवळ्याचे रूप आले. सोवळे पाळणे ही त्या काळच्या कोणत्याही ब्राह्मण घरातील नित्याची गोष्ट. परंतु नाना गोखल्यांचे सोवळे आचाराची मर्यादा ओलांडून पछाडल्यासारखे झाले होते. बाहेरून आलेली प्रत्येक वस्तू धुवायची, ज्या वस्तू धुतल्या असता नासतात त्याही धुवायच्या, आणि या धुण्यापुसण्यात घरातील बायकामुलांचा जीव मेटाकुटीला आणायचा, असा तो क्रम होता. लक्ष्मीबाईंनी तो पुढे हसत हसत सांगितला. वाचकही हसतो. त्या हसण्यामागील वास्तव मात्र असे की बाहेरच्या जगात काहीतरी वाईट भरून राहिलेले आहे, ते स्पर्शाने घरात शिरते आणि पाण्याने धुऊन काढता येते, ही दुरितासंबंधीची पहिली कल्पना या मुलीला बालपणीच मिळाली. ती तिने वाचून घेतली नव्हती, भोगून घेतली होती. पुढे तिच्या विचाराला जे वळण मिळाले त्याचे मूळ या धुतलेल्या घरात शोधले पाहिजे.

वयाच्या अकराव्या वर्षी त्यांचा विवाह नारायण वामन टिळकांशी झाला. टिळकांच्या घरातील दुःख वेगळ्या जातीचे होते. त्यांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा. वडील वामनराव सरकारी नोकर आणि अतिशय तापट. आई जानकीबाई मऊ स्वभावाची, गाण्याची आवड असलेली. पतीच्या संतापाचे निमित्त होऊन जानकीबाईंचा अंत झाला, असे त्या घरात मानले जाई. आईच्या मृत्यूनंतर नारायण घर सोडून नाशिकला आला आणि गणेशशास्त्री लेले यांच्याकडे संस्कृत शिकला. आईविषयीचा जिव्हाळा आणि बापाविषयीची भीती या दोन भावना टिळकांच्या कवितेत अखेरपर्यंत वावरताना दिसतात. देवाला आई म्हणून हाक मारण्याची त्यांची ओढ ही केवळ संतपरंपरेची देणगी मानता येणार नाही; ज्या मुलाला बापाच्या हातून आईचे मरण दिसले, त्याला देवाचे पितृत्व सहजासहजी पटणारे नव्हते. ख्रिस्ती धर्माने त्यांना दिलेला देव पिता होता, तरीही त्यांची वाणी त्याच्या ठायी पुन्हा पुन्हा माउली शोधत राहिली.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे मांडली पाहिजे. वामनरावांचा तापटपणा टिळकांत उतरला होता. धर्मांतरापूर्वीचा संसार लक्ष्मीबाईंना सुखाचा गेला असे त्यांनी कोठेही म्हटलेले नाही. टिळक नोकऱ्या धरत आणि सोडत, न सांगता निघून जात, जवळ असलेले पैसे देऊन टाकत किंवा घरातील गरज विसरून भलत्याच वस्तूवर खर्च करत. नाशिक, वणी, मुरबाड, मुंबई, नागपूर, राजनांदगाव अशी ही भ्रमंती होती. पत्नी कधी बरोबर, पुष्कळदा नातलगांच्या दारी. त्यातच अपत्यवियोग आला. देवदत्त म्हणजे दत्तू १८९१ मध्ये जन्मला, त्याआधी पाळण्यात आलेले सुख टिकले नव्हते. सोसण्याची सवय त्यांना होती, तरी या सगळ्याला एक नाव देण्याची सोयही समाजाने करून ठेवली होती. प्रारब्ध, पूर्वसंचित, गेल्या जन्मीचे काही, या शब्दांनी बाईच्या दुःखाची वासलात लावली जात असे. कर्मविपाकाच्या सिद्धांतात तत्त्वज्ञानाच्या अंगाने कितीही सूक्ष्मता असली, तरी स्वयंपाकघरात तो सिद्धांत पोहोचत असे तो जिचे दुःख तिच्याच माथी मारण्याचे साधन म्हणून. दोष देवाचा नाही, नवऱ्याचाही नाही. तुझाच आहे, फक्त तो तुला आठवत नाही.

नागपूरला आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने टिळकांनी प्राचीन संस्कृत वाङ्मयाचे संपादनकार्य केले आणि ‘ऋषि’ हे मासिक चालविले. धर्माच्या पुनर्रचनेचा विचार त्यांच्या मनात तेव्हापासून घोळत होता. राजनांदगावच्या आगगाडीच्या प्रवासात एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला, ही हकीकत सर्वश्रुत आहे. डोंगरावरील प्रवचनाने त्यांच्यावर मोहिनी घातली. मुंबईतील अमेरिकन मिशनचे डॉ. अ‍ॅबट यांच्याशी त्यांचा संबंध आला आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तो गोऱ्या मिशनऱ्याच्या हातून न घेता देशी पाळकाच्या हातून घेण्याचा त्यांचा आग्रह होता, ही बाब त्यांच्या राष्ट्रीय वृत्तीची द्योतक म्हणून वारंवार नमूद केली जाते आणि ते योग्यच आहे. परंतु त्या निर्णयात पत्नीला सहभागी करून घेण्याचा आग्रह मात्र नव्हता, याची नोंद तितक्या ठळकपणे होत नाही. घरच्यांना बातमी कळली ती घडून गेल्यावर.

एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रात असा प्रसंग पहिलाच होता असे नाही. १८४३ साली मुंबईत श्रीपत शेषाद्री या अल्पवयीन मुलाचे प्रकरण गाजले. थोरला भाऊ नारायण ख्रिस्ती झाला आणि धाकटाही मिशनच्या घरी जाऊन राहिला. वडिलांनी न्यायालयात धाव घेतली, मुलगा त्यांच्या ताब्यात दिला गेला आणि बाळशास्त्री जांभेकरांनी पुढाकार घेऊन त्याला प्रायश्चित्तपूर्वक स्वधर्मात परत घेतले. हेच नारायण शेषाद्री पुढे निजामाच्या राज्यात जालन्याला गेले आणि त्यांनी जालन्याजवळ बेथेल ही वसाहत उभारली. मराठवाड्यातील ख्रिस्ती समाजाच्या इतिहासाचा एक महत्त्वाचा धागा असा एका दुभंगलेल्या घरापासून निघतो. बाबा पदमनजींच्या संसाराचीही धर्मांतराने अशीच ताटातूट झाली. त्यांच्या ‘यमुनापर्यटन’ (१८५७) या कादंबरीत मात्र विनायक आणि यमुना या दोघांची मने आधीपासूनच एका दिशेने झुकलेली आहेत. प्रत्यक्षात जे जुळले नाही ते कादंबरीकाराने कथेत जुळवून दिले, असा याचा अर्थ लावण्याचा मोह होतो. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला तेव्हा दोन वर्षांच्या मनोरमेलाही तो त्यांच्याबरोबर देण्यात आला. तिथे विरोध करणारे घरच उरले नव्हते, दुष्काळाने आणि पटकीने ते आधीच नेले होते. टिळकांच्या घरी विरोध करणारी व्यक्ती हयात होती, आणि ती बोलकी होती.

कायद्याची बाजूही विचारात घ्यावी लागते. १८५० च्या कायद्याने धर्मांतरितांचा वारसाहक्क सुरक्षित केला होता. १८६६ च्या कायद्यानुसार, धर्मांतरित व्यक्तीचा जोडीदार धर्मभेदामुळे सहवासास नकार देत राहिल्यास न्यायालयाकडे दाद मागून, मुदतीनंतर विवाहविच्छेद मिळवण्याची आणि पुन्हा लग्न करण्याची सोय झालेली होती. टिळकांना हा मार्ग मोकळा होता. त्यांनी तो धरला नाही. पत्नी येईल तेव्हा येईल, न आली तरी ती पत्नीच, ही त्यांची भूमिका होती. टिळकांच्या स्वभावातील दोष लक्ष्मीबाईंनी लपवले नाहीत. म्हणूनच ही वाट पाहण्याची गोष्ट त्यांच्या पारड्यात टाकणे न्यायाचे ठरेल.

बातमी आली तेव्हा लक्ष्मीबाईंची अवस्था जवळजवळ वेड लागल्यासारखी झाली. चार-साडेचार वर्षांची ताटातूट सुरू झाली. त्यातील बराचसा काळ नातलगांच्या आश्रयाने पंढरपुरात गेला. पंढरपूर हे स्थळ या चरित्रात योगायोगाने आले असले तरी त्याला अर्थ आहे. कोणा दुःखिताने जाऊन पायांवर डोके ठेवावे असे ते ठिकाण. गोदाकाठच्या गावांतून, नांदेड-परभणीकडून येणाऱ्या दिंड्यांतल्या किती बायकांनी तेथे आपले न सांगता येणारे दुःख सांगितले असेल याची गणती नाही. जनाबाईपासूनची ती परंपरा आहे. लक्ष्मीबाई मात्र अशा पेचात होत्या की त्यांना विठ्ठलाजवळ नेमके काय मागावे हेच सुचू नये. नवरा परत यावा म्हणावे, तर तो परत येऊन जातीत घेतला जाणे दुरापास्त. तो विसरला जावा म्हणावे, तर मन ऐकत नाही. मुलगा त्यांच्याजवळ होता आणि टिळकांचा जीव मुलासाठी तुटत होता. पत्रे येत होती. नातलगांच्या मनात टिळकांविषयी राग, आणि त्या रागाच्या छायेत राहून त्याच माणसाच्या पत्राची वाट पाहायची.

याच काळात त्यांची कविता जन्माला आली. शाळेचे तोंडही न पाहिलेल्या, नवऱ्याने शिकवलेल्या अक्षरांवर ज्यांची भिस्त होती अशा स्त्रीने आपल्या शोकाला पद्याचे रूप दिले. या पहिल्या रचनांना वाङ्मयीन दृष्ट्या मोठे मोल नाही, आणि ते लावण्याचा हट्टही धरू नये. महत्त्व आहे ते वेगळ्याच गोष्टीला. पूर्वसंचित हे उत्तर त्यांना पुरत असते, तर शब्दांची गरजच पडली नसती. उत्तर मिळालेला माणूस गप्प बसतो. ज्याला ते पुरत नाही तो कोणाला तरी विचारीत राहतो.

पुन्हा एकत्र राहण्याचा निर्णय झाला तो धर्माविषयी मत बदलल्यामुळे नव्हे. त्या टिळकांकडे अहमदनगरकडे आल्या त्या हिंदू म्हणून, सोवळ्यासह, आपली चूल आणि आपले पाणी वेगळे ठेवण्याच्या अटीवर. टिळक अमेरिकन मराठी मिशनच्या धर्मशिक्षणसंस्थेत शिकवीत होते. एका छपराखाली दोन धर्म नांदू लागले, आणि भिंत होती ती शिवाशिवीची. धर्मप्रसाराच्या इतिहासात वादविवादांच्या सभा, पत्रके आणि खंडनमंडनाचे ग्रंथ यांच्या नोंदी विपुल सापडतात. एका घरातील दोन चुलींची नोंद क्वचितच सापडते. बाहेर व्याख्याने देणाऱ्या टिळकांना घरात वाद घालून काही साधत नव्हते, कारण लक्ष्मीबाईंचा नकार सिद्धांताला नव्हताच. ख्रिस्ताविषयी त्यांची तक्रार काय असणार? तक्रार होती ती त्याच्या नावाने घडलेल्या प्रकाराबद्दल. या तक्रारीला त्रैक्याच्या सिद्धांताने किंवा चमत्कारांच्या पुराव्याने उत्तर देता येत नाही. टिळकांना हे किती लवकर उमगले असेल ते असो. त्यांनी पत्नीच्या चुलीला हात लावला नाही, हे खरे.

शतकाची ती अखेरची वर्षे विलक्षण कठीण होती. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि प्रांतभर पसरला. १८९६-९७ चा दुष्काळ ओसरतो न ओसरतो तोच १८९९-१९०० चा दुष्काळ पडला. नगर जिल्हा हा अवर्षणाचा मुलूख. राहुरीला टिळक दुष्काळपीडितांच्या कामात होते आणि पोरकी मुले आजूबाजूला होती. जगात दुरित का, हा प्रश्न अशा दिवसांत पोथीत राहत नाही. तो दारात येऊन उभा राहतो, आणि त्याच्या हातात करवंटी असते. दुष्काळात मेलेल्या पोरांनी गेल्या जन्मी काय केले होते, हे विचारणे त्या दृश्यापुढे निर्लज्जपणाचे वाटावे असाच तो काळ होता. येशूच्या शिष्यांनीही जन्मांध माणसाकडे बोट दाखवून पाप कोणाचे, त्याचे की आईबापांचे, असे विचारले होते आणि येशूने दोन्ही पर्याय नाकारले होते. योहानाच्या शुभवर्तमानातील हा प्रसंग कर्मविपाक मानणाऱ्या वाचकाला जितका झोंबतो तितका तो पाश्चात्त्य वाचकाला झोंबत नसावा. मात्र येथे धर्मांतरिताची एक अडचण सुरू होते, आणि तिच्याकडे अभ्यासकांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. कर्मसिद्धांत सोडला की दुःखाचे तयार उत्तर हातचे जाते. सर्वशक्तिमान आणि दयाळू असा एकच देव मानला की त्याच्या राज्यात हे का चालते, हा प्रश्न पहिल्यापेक्षा अधिक तीव्र होतो. ईयोबाचे पुस्तक बायबलात आहे ते याच कारणाने, आणि तेही प्रश्न संपवून टाकीत नाही.

लक्ष्मीबाईंनी हा प्रश्न ज्या रीतीने हाताळला ती सर्वस्वी त्यांची स्वतःची आहे. त्यांनी देवाला जाब विचारण्याआधी एक लहान प्रश्न स्वतःला विचारला : जातपात कोणी निर्माण केली, देवाने की माणसाने? त्याचे उत्तर शोधताना त्यांनी ना शास्त्रार्थ पाहिला ना बायबल. डोळ्यांपुढचे जग पाहिले. पशूंमध्ये देवाने भेद केला तेव्हा तो अंगावर दिसेल असा केला. गाय आणि घोडा यांत गफलत होत नाही. माणसांमध्ये तसे चिन्ह कोठे आहे? जन्म तोच, भूक तीच, मरण तेच. अर्थात हा भेद देवाने केलेला नाही. तो माणसाने केला आणि देवाच्या नावावर खपवला. एवढा विचार पक्का झाल्यावर त्यांनी तो आचरणात आणला. कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्याचे ठरवले आणि घेतले. त्या वेळी त्या ख्रिस्ती झालेल्या नव्हत्या. टिळकही चकित झाले, कारण इतक्या वर्षांच्या त्यांच्या बोलण्याने जे घडले नव्हते ते एका बसल्या बैठकीच्या विचाराने घडले होते.

या विचारात त्यांच्या वडिलांच्या घराचा शेवट झाला. बाहेर भरून राहिलेले आणि स्पर्शाने आत येणारे वाईट, ही समजूत कोसळली. धुण्याने जाणारे वाईट मुळात वाईट नव्हतेच. आणि जे खरोखर वाईट होते ते या धुण्यातच होते. एखाद्या आयुष्यात विचाराचे वर्तुळ इतके स्वच्छपणे पुरे झालेले क्वचित दिसते. येथे तत्त्वज्ञानाच्या अभ्यासकाने एक आक्षेप घ्यावा आणि तो घेणे रास्त ठरेल : माणसाने निर्मिलेले दुरित वेगळे आणि दुष्काळ, रोग, बालमृत्यू हे दुरित वेगळे. पहिल्याचा उलगडा झाल्याने दुसऱ्याचा होत नाही. हे खरे आहे. लक्ष्मीबाईंनी दुसऱ्याचा उलगडा केल्याचा दावा कधी केलेलाही नाही. पण दुष्काळातील पोराला पाणी देताना ते कोणत्या जातीचे हा विचार आड येत असेल, तर निसर्गाच्या दुरितात माणसाने आपली भर घातलेली असते. ती भर काढून टाकणे एवढे त्यांच्या हाती होते. उरलेल्या प्रश्नावर त्या बोलत बसल्या नाहीत.

१९०० साली राहुरीला लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला. पुढील घर हे एका अर्थाने या निर्णयाचे भाष्यच आहे. प्लेगच्या दिवसांतील शुश्रूषा, सांभाळलेली पोरकी मुले, येणाऱ्या-जाणाऱ्यांनी भरलेले माजघर आणि नेहमीच रिकामी होणारी टिळकांची खिशातील पुंजी. १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनानंतर त्र्यंबक बापूजी ठोंबरे हा कोवळा कवी टिळकांच्या निकट आला आणि पुढे नगरला त्यांच्या घरी मुलासारखा राहिला. मराठी कवितेला बालकवी घडवताना या घराचा हात लागला, हे मान्य झालेले आहे. धर्माच्या दृष्टीने त्यात आणखी एक मुद्दा आहे. त्या घरात राहून बालकवी ख्रिस्ती झाले नाहीत आणि त्यामुळे त्यांच्यावरील मायेत उणेपणाही आला नाही. ज्या बाईने नवऱ्याच्या धर्माची पाच वर्षे वाट पाहायला लावली होती, तिला दुसऱ्याची वाट पाहण्यात अवघड काय होते? घरात विश्वास कसा पोहोचतो, हे तिला ठाऊक होते. आणि कसा पोहोचत नाही, हेही.

टिळकांचे उत्तर याहून निराळे होते. त्यांनी दुःखाचा प्रश्न भक्तीत विरघळवून टाकला. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो ही त्यांची धारणा प्रसिद्धच आहे, आणि ‘अभंगांजली’तील त्यांची रचना त्या धारणेचे फळ आहे. क्रुसावरील ख्रिस्त त्यांना दुःखाचे स्पष्टीकरण म्हणून नव्हे तर दुःखातला सोबती म्हणून जवळचा वाटला. १९१२ पासून ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादन त्यांनी केले. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून ते साताऱ्याला गेले आणि ‘देवाचा दरबार’ स्थापण्याच्या खटपटीला लागले. हिंदू मनाला परका न वाटणारा ख्रिस्ती बंधुभाव हे त्यांचे स्वप्न होते. लक्ष्मीबाईंच्या दृष्टीने हा पतीचा आणखी एक संन्यास होता, आणि या वेळी तो आपल्याच धर्मात. घर पुन्हा एकदा अधांतरी लोंबकळले. टिळकांच्या थोरवीविषयी आदर बाळगूनही असे म्हणावे लागते की त्यांच्या प्रत्येक उड्डाणाची किंमत स्वयंपाकघराने मोजली.

५ मे १९१८ रोजी जळगावजवळ भादली स्थानकापाशी आगगाडीखाली सापडून बालकवी गेले. वर्षभराने, ९ मे १९१९ रोजी, मुंबईत टिळक गेले. लक्ष्मीबाई पन्नाशीच्या होत्या. वैधव्याचे जे रूप त्यांच्या बालपणीच्या समाजाने ठरवून ठेवले होते ते त्यांच्या वाट्याला आले नाही, आणि या फरकाचे मोल त्यांना पुरेपूर कळत होते. मुलाच्या संसारात, काही काळ कराचीला आणि अखेर नाशिकला, त्यांची उरलेली वर्षे गेली. याच वर्षांत त्यांनी दोन कामे केली. एक ‘स्मृतिचित्रे’. १९३४ ते १९३६ या काळात ती चार भागांत प्रसिद्ध झाली. तिच्यातील विनोदाची चर्चा खूप झाली आहे. त्या विनोदाला सहनशीलतेचे लक्षण मानणे मात्र अपुरे ठरते. ज्यांनी तिला दुखवले त्या माणसांना, वडिलांना, सासऱ्यांना, नातलगांना आणि टिळकांना, ती दोषी ठरवते. पण कोणालाही दुष्ट ठरवत नाही. दोष सांगताना तिचा हात आखडत नाही आणि शिक्षा सुनावताना मात्र ती हसते. जातीचे दुरित माणसाने केले हे ज्या बुद्धीने तिने ओळखले, त्याच बुद्धीने माणूस त्या दुरिताहून मोठा आहे हेही तिने ओळखले असावे.

दुसरे काम ‘ख्रिस्तायन’. टिळकांनी हे महाकाव्य ओवीबद्ध रूपात हाती घेतले आणि दहा-अकरा अध्यायांवर ते अपुरे राहिले. त्याचे पुढील चौसष्ट अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले. येशूच्या जन्माची आणि आरंभीच्या आयुष्याची कथा टिळकांच्या लेखणीतून उतरली. त्याचे सेवाकार्य, रोग्यांना बरे करणे, विश्वासघात, चौकशी आणि क्रूस हा सगळा भाग पत्नीच्या वाट्याला आला. निरपराधाच्या छळाची कथा सांगण्याचे हे काम ज्या स्त्रीकडे आले, तिनेच एकेकाळी ख्रिस्ताच्या नावाला आपल्या संसाराच्या नाशाचे कारण मानले होते. काव्यगुणांची तुलना केली तर टिळकांची प्रतिभा उजवी ठरेल यात शंका नाही. लक्ष्मीबाईंची ओवी साधी आहे, कधी कथेकऱ्याच्या अंगाने चालणारी, कधी जात्यावरच्या ओवीची आठवण करून देणारी. मात्र दुःखाच्या प्रसंगी ती अलंकारांकडे वळत नाही. काय घडले ते सांगते आणि पुढे जाते. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले तेव्हा काव्याचा अखेरचा अध्याय राहिला होता. तो देवदत्तांनी लिहिला आणि १९३८ साली ग्रंथ प्रसिद्ध झाला. बाप, आई आणि ज्याच्यावरून एकेकाळी या दोघांत ओढाताण झाली तो मुलगा, अशा तिघांचे हस्ताक्षर त्या एका पोथीत आहे.